कड्यावरचे दोघे

सासरे : डावा डोळा मिटू नकोस. उघडाच राहू दे. तो मिटलास की उजवाही लवकर थकतो.

सून : बाबा, मला नुसता काळा दगड दिसतोय. दगड, मग दगड, परत दगड. कड्याच्या कुठल्या भागावर आहे मी, तेच कळत नाही.

सासरे : कारण तू एकदम लांब गेलीस. आधी मागे ये. शटरच्या बटणाभोवती कडी आहे ना, पहिल्या बोटाखाली, ती डावीकडे ढकल. सावकाश.

सून : ढकलली. आता अख्खा कडा दिसतोय.

सासरे : मधोमध एक काळा पट्टा आहे बघ. घराच्या छपरासारखा पुढे आलेला.

सून : आहे.

सासरे : आपली दोघं पोरं चढत त्याच्या वर गेली होती तेव्हा दगड निसटला. दोर कापला गेला. बचाव पथकाची माणसं आता वरच्या टोकाला पोचलीत, पण त्यांना त्या छपराखालचं काही दिसत नाही. हाका मारतायत तर वाऱ्यात काही ऐकू येत नाही. छपराखालचं दिसलं तर फक्त इथून, या गच्चीवरून.

सून : मग तुम्ही बघा ना. कॅमेरा तुमचा, तुमचा हात बसलाय त्यावर. मी आयुष्यात मोबाइलशिवाय फोटो काढला नाही.

सासरे : हात बसलाय, पण एका जागी बसत नाही ना. हे बघ. रिकामा धरलाय तरी पानासारखा हलतोय. एवढ्या लांबचं बघताना इथे केसभर हललं की तिथे घरभर हलतं. पक्षी टिपताना ठीक आहे, एक सुटला तर दुसरा. आज तसं नाही.

सून : माझे तरी कुठे स्थिर आहेत.

सासरे : म्हणून हातात धरूच नकोस. कठड्यावर हा स्वेटर घडी करून ठेवलाय. त्यावर लेन्सची नळी टेकव. डावा हात खालून, तान्ह्या मुलाची मान धरतात तसा. उजव्या हाताला फक्त बोटांचं काम. कोपर अंगाशी. हं. आता कडी उजवीकडे, थोडी थोडी. छपराच्या खालच्या कडेवरून उजवीकडून डावीकडे जा, शेतात नांगर चालतो तशी. उड्या मारू नकोस.

सून : झुडूप आहे. कपार. परत झुडूप. बाबा, हरवलं सगळं. परत नुसता दगड.

सासरे : घाबरू नकोस. नळीच्या बाजूला, डाव्या अंगठ्याजवळ छोटं बटण लागेल. ते दाबून धर. चित्र आपोआप मागे जाईल आणि मधे एक चौकट दिसेल. तू कुठे बघत होतीस ती जागा म्हणजे ती चौकट. हवी तिथे ने आणि बटण सोड, परत जवळ जाशील. चिमणनंच दाखवलं होतं मला हे. मी गरुड शोधता शोधता आभाळातच हरवायचो, तर म्हणाला, बाबा, कंपनीला तुमच्यासारखे म्हातारे माहीत होते.

सून : पिवळं आलं काहीतरी.

सासरे : पिवळं म्हणजे शिडी, चिमणचा तो ताडमाड दोस्त. सकाळी पिवळं जाकीट घालूनच बाहेर पडला तो. कुठे आहे?

सून : छपराखाली, डावीकडे. अरुंद पायरीसारखी जागा आहे. भिंतीला पाठ लावून बसलाय. का टेकून पडलाय, कळत नाही. लांब पाय खाली लोंबतायत. शिडीच आहे बाबा.

सासरे : शटर अर्धं दाब. पूर्ण नाही, अर्धं. हिरवी चौकट आली का त्याच्यावर?

सून : आली. स्पष्ट झाला. मान खाली आहे.

सासरे : पूर्ण दाब. काढून ठेव फोटो. आता चिमणला शोध.

सून : शोधतेय. पांढरं हेल्मेट आहे त्याचं. मीच पट्टा आवळून दिला होता सकाळी. थांबा. थांबा हं. उजवीकडे, शिडीपेक्षा बराच खाली. झाडाचं खोड आहे वाळकं, त्याला अडकलाय. पांढरं हेल्मेट. बाबा, सापडला.

सासरे : कसा आहे?

सून : कुशीवर आहे. तोंड पलीकडे. बाबा, तो हलला. हात हलला त्याचा. मी बघितलं.

सासरे : अर्धं दाबलं होतंस का?

सून : फोन वाजतोय. त्यांचाच आहे. मी स्पीकरवर टाकते.

पथकप्रमुख : काका, मी वरून बोलतोय. काही दिसलं का?

सून : मी सून बोलतेय त्यांची. दोघं सापडले. एक डावीकडे, एक उजवीकडे, खाली.

पथकप्रमुख : ताई, डावं-उजवं नको. तुमची डावी ती आमची उजवी, घोटाळा होईल. रंगानं सांगा.

सून : पिवळं जाकीट वरच्या पायरीवर. पांढरं हेल्मेट खाली, वाळक्या खोडाला.

पथकप्रमुख : बरं. आता नीट ऐका. आमच्याकडे एवढा लांब दोर एकच आहे, आणि उजेड आहे तोवर एकदाच माणूस खाली सोडता येईल. दुसऱ्याकडे उद्या उजाडल्यावर. रात्र थंड असते इथली. तेव्हा ज्याच्यात जीव आहे त्याच्याकडे आधी जायचंय. कोणाची हालचाल दिसली?

सून : पांढऱ्या हेल्मेटची.

पथकप्रमुख : नक्की?

सून : नक्की. हात हलला.

पथकप्रमुख : आणि पिवळा?

सून : तो मान खाली घालून बसलाय.

पथकप्रमुख : ठीक. मी माणूस बांधतो. पांढऱ्याच्या वरून सोडतो. तयारी व्हायला थोडा वेळ लागेल. काही बदललं तर लगेच कळवा.

सासरे : फोन ठेव तो. आणि मला फोटो दाखव.

सून : पांढऱ्याचा काढला नाही अजून.

सासरे : मग नक्की कशावरून म्हणालीस?

सून : डोळ्यांनी बघितलं मी.

सासरे : डोळ्यांनी आपण काहीही बघतो, पोरी. आता काढ. टायमर लाव, मागच्या चकतीवर घड्याळाचं चिन्ह आहे. बटण दाब आणि हात उचलून घे पूर्ण. कॅमेरा आपला आपण काढेल, तुझी थरथर त्यात उतरणार नाही. एक काढ, थोडं थांब, दुसरा काढ. मग तिसरा. दोघांचेही.

सून : दोघांचे कशाला?

सासरे : दोघांचे म्हणालो ना.

सून : वेळ जातोय बाबा.

सासरे : तिकडे तो माणूस दोराला बांधला जातोय तेवढाच वेळ आपल्याकडे आहे. काढ.

सून : चिमणचे तीन झाले. शिडीचेही घेतले. काय करू आता?

सासरे : कॅमेऱ्याच्या खिडकीतून डोळा काढ. मागच्या स्क्रीनवर बघू. त्रिकोणाचं बटण. मला माझा चष्मा दे. पहिला लाव. आता हीच कडी उजवीकडे फिरवली की फोटो मोठा होईल. शिडी आधी.

सून : चिमण आधी.

सासरे : बरं. चिमण.

सून : हा पहिला. हा दुसरा. बघा, हाताजवळ. इथे वेगळं आहे. हललंय.

सासरे : ते काय आहे ते नीट बघ. हात कुठे आहे?

सून : हा.

सासरे : आणि हलतंय ते?

सून : पट्टा आहे. बॅगेचा पट्टा. वाऱ्यावर.

सासरे : तिसरा लाव.

सून : पट्टा खाली आला. हात तिथेच.

सासरे : बोटं?

सून : तिथेच. बाबा, कॅमेरा जवळ जाऊ शकतो अजून. मघाशी झूमचा आकडा पुढे जात होता, पट्टीचा रंग बदलला आणि तो खूप जवळ आला होता. तेव्हाच हलताना दिसला मला. तसं बघू ना परत.

सासरे : रंग बदलला की तो डिजिटल झूम. तिथून पुढे लेन्स काही करत नाही. आहे तेच चित्र ताणते यंत्र, फाटक्या कपड्यासारखं, आणि भोकं अंदाजानं बुजवते. तिथे सगळंच हलताना दिसतं. दगडसुद्धा.

सून : मग शिडीचं बघा.

सासरे : हं. पहिला. मान खाली. दुसरा.

सून : मान वर आहे.

सासरे : तिसरा.

सून : हात छातीवर घेतलाय. आधी मांडीवर होता. आता छातीवर आहे.

सासरे : हो.

सून : बाबा, शिडीत जीव आहे.

सासरे : चिमणचा लाव परत. पहिला. मला दे इकडे. मोठा होत नाही का अजून?

सून : एवढाच होतो.

सासरे : मग कॅमेराच लाव त्याच्यावर. मी फिरवतो कडी. तू नुसता धर. पुढे जाऊ दे. अजून. अजून पुढे.

सून : रंग बदलला बाबा.

सासरे : बदलू दे. हे बघ, खांदा. खांदा वर आला आत्ता. श्वासानं येतो तसा. बघितलास?

सून : बाबा.

सासरे : परत आला. तू बघ की. तुझी नजर चांगली आहे.

सून : झाडाचं खोडही वर येतंय बाबा. मागचा दगडही. सगळंच ठिपक्या-ठिपक्यांनी हलतंय. सोडा ती कडी.

सासरे : तू म्हणालीस ना हात हलला.

सून : म्हणाले. मला हवा होता तो हललेला. सोडा. बोट काढा तिथून.

सासरे : काढलं.

सून : त्याची मान बघितलीत तुम्ही. मघाशी, पहिल्याच फोटोत. मीही बघितली. बोललं कोणीच नाही.

सासरे : माणसाची मान तेवढी वळत नाही.

सून : नाही वळत.

सासरे : फोन लाव. मी सांगतो त्यांना.

सून : नको. त्यांना चुकीचं मी सांगितलंय. हॅलो. मी गच्चीवरून बोलतेय. माणूस सोडलात का खाली?

पथकप्रमुख : कडेवर उभा आहे, आता सोडतोच आहे. का?

सून : पांढऱ्याकडे नको. पिवळ्याकडे न्या.

पथकप्रमुख : ताई, मघाशी तुम्ही पांढरं म्हणालात.

सून : चुकले. वाऱ्यानं पट्टा हलत होता. आम्ही थांबून फोटो काढले, ताडून बघितले. पिवळा मान उचलतोय, हात हलवतोय. पांढरा हलत नाही.

पथकप्रमुख : दोर इकडून तिकडे न्यायचा तर एकदाच नेता येईल. परत बदलता येणार नाही. म्हणून विचारतो, पांढरं हेल्मेट कोणाचं आहे?

सून : माझ्या नवऱ्याचं.

पथकप्रमुख : काका आहेत का तिथे?

सासरे : आहे. मुलगा माझा. ती सांगतेय तसं करा.

पथकप्रमुख : करतो. दोर हलवतो. ताई, खाली उतरणाऱ्याला आम्ही इथून बघू शकत नाही. तुम्हीच त्याचे डोळे. फोन चालू ठेवा.

सून : चालू आहे. बाबा, बाजूचं बटण. चौकट. शिडीवर आणते परत. आला. थोडं मागे येते, म्हणजे उतरणाराही दिसेल.

सासरे : बरोबर. फार जवळ जाऊ नकोस. आता आपल्याला दोघं एका चित्रात हवेत.

सून : दिसला. छपराच्या कडेला पाय आले. लाल हेल्मेट. त्याला सांगा, अजून खाली. सरळ खाली. आता त्याच्या डाव्या हाताला सरकायला सांगा. नाही, जास्त झालं. थोडं परत. तिथेच. शिडीनं त्याला बघितलं. हात वर केलाय.

पथकप्रमुख : पोचला?

सून : पोचतोय. पाय टेकले. पोचला. शिडीनं त्याचा दोर धरलाय, सोडतच नाही. तो त्याला काहीतरी समजावतोय.

सासरे : या पोरानं कधी दाराच्या चौकटीवर डोकं आपटल्याशिवाय आपल्या घरात पाऊल टाकलं नाही. आज चिमणची आई असती तर आधी त्याच्या डोक्याला हळद लावायला धावली असती.

पथकप्रमुख : ताई, वायरलेसवर बोललो त्याच्याशी. मांडीचं हाड मोडलंय, रक्त बरंच गेलंय, पण शुद्धीत आहे. रात्र निघाली नसती, म्हणतो. आता आमच्या माणसासकट त्याला वर ओढतो.

सासरे : आणि दुसरा? तिथून दिसत असेल तुमच्या माणसाला.

पथकप्रमुख : दिसतो, काका.

सासरे : सांगा.

पथकप्रमुख : त्यानं दुर्बीण लावून बघितलं. पडताक्षणीच गेला असावा, म्हणाला. हाल झाले नसतील. उद्या उजाडलं की पहिलं काम तेच. मी स्वतः उतरेन.

सासरे : बरं.

पथकप्रमुख : ताई ऐकतायत?

सून : ऐकतेय. तुम्ही दोर ओढा. मी बघतेय.

सासरे : कुठवर आले?

सून : छपराच्या कडेला. शिडीचे पाय तेवढे दिसतात. आता तेही नाहीत. गेले वर.

सासरे : सुटला.

सून : त्याच्या आईला कळवायला हवं. खाली पथकाच्या ऑफिसात बसलीय ती, सकाळपासून पाणी प्यायली नाही.

सासरे : तू सांगून ये. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला.

सून : तिनं चिमणचं विचारलं तर काय सांगू?

सासरे : विचारेल ती. आहे तेच सांग.

(ती जाऊन येते. कड्यावरचं ऊन वरच्या टोकाला गेलेलं.)

सून : सांगितलं. आधी रडली, मग मला धरून बसली. सोडेचना. बाबा, तुम्ही कॅमेऱ्याला हात लावलात का? सरकलाय.

सासरे : चिमणवर आणायचा प्रयत्न केला. सापडेना. कपारीत शिरलो होतो कुठेतरी.

सून : थांबा. वाळकं खोड. हा. आणला.

सासरे : दिसतोय?

सून : दिसतोय. हेल्मेट पांढरं आहे म्हणून अजून दिसतोय.

सासरे : मागे ये जरा. इतकं जवळून नको. माणूस जसा दिसतो तसा दिसू दे.

सून : असा?

सासरे : असा.

सून : चला आता आत. गार व्हायला लागलंय. तुमचे पाय बर्फ झाले असतील.

सासरे : तू जा. मी बसतो. त्याच्याजवळ अजून कोणी पोचलं नाही.

सून : मग ती दुसरी खुर्ची सरकवा इकडे.