बरणीतलं पाणी

गळाला लावायची गांडुळं विकणाऱ्या दुकानात हार्लनच्या पुढे मासे धरणारे दोन म्हातारे उभे होते. हार्लनने बायकोची राख इथल्याच तळ्यात सोडली होती.

“बांधाच्या पायथ्याशी पाणी येतंय. आता तळं रिकामं करणार म्हणे!”

“कोण म्हणालं?”

“तुझीच बायको.”

“तिचं काय ऐकतोस! मातीचा बांध, थोडा झिरपणारच. बांध तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने ते पाणी काचेच्या बरणीत धरलं. गढूळ असतं तर आतली माती वाहतेय म्हणून समजायचं.”

“मग?”

“नितळ निघालं! अगदी पिण्यासारखं.”

“प्यायलास?”

“त्यालाच पाजत होतो, नको म्हणाला.”

“म्हणजे तळं राहतंय?”

“राहतंय रे बाबा. होडी विकू नकोस.”

“या दोघांची कॉफी माझ्याकडून,” हार्लन दुकानदारणीला म्हणाला.

“आमची? आपली ओळख आहे का हो?”

“नाही. घ्या.”