पाच गोळ्या आणि वन्संचा कागद

स्टुडिओवाल्या काकू म्हणून सगळ्यांना माहीत, वय ५६ वर्षे, धंदा ओळखपत्राचे व घरगुती फोटो काढणे, राहणार स्वतःच्या फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर.

मी आज कुणी न बोलावता, माझ्या नणंदेला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. नणंद शाळेत शिवण शिकवतात. त्यांचे घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण चहाला, जेवायला आणि मला बोलायला त्या माझ्याकडेच असतात. मी त्यांना वन्सं म्हणते. माझे पती नेमबाजी क्लबचे जुने सभासद होते. ते गेल्या वर्षी वारले.

रविवारी सकाळी क्लबमध्ये जे घडले त्याचा ठपका तिथल्या मास्तरांवर आला आहे. क्लबच्या मागच्या भिंतीपलीकडे लॉन्ड्री आहे. तिच्या मालकांची तक्रार अशी की, क्लबमधून सुटलेली गोळी त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या टाकीला लागून पाणी गळू लागले. त्या वेळी पिस्तूल माझ्या हातात होते. मास्तरांनी दोष स्वतःवर घेतला, क्लबला कुलूप लागले, आणि आता त्यांचे शिकवणे कायमचे बंद होणार असे ऐकते. तसे होऊ नये म्हणून मी आले आहे.

मी पूर्वी कधीही पिस्तूल हातात धरलेले नव्हते. पती दर रविवारी "चल की एकदा" म्हणत. मी म्हणे, "स्टुडिओ कोण बघणार, तुमचा काका?" परवा वन्संनी स्टुडिओचे शटर स्वतः खाली ओढले आणि म्हणाल्या, "वहिनी, वर्षभर लोकांना हसा हसा म्हणतेस, तू कधी हसणार? दादाच्या क्लबात जायचंय. चप्पल घाल." त्यांच्यापुढे कुणाचे चालत नाही. मी चप्पल घातली.

मास्तरांनी आम्हाला आधी नियम सांगितले. नळी कायम समोर. उडवायचे नक्की होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. कानांवर झाकणे. मला त्यांनी डाव्या टोकाचे टेबल दिले. मी विचारले, हेच का? तेव्हा ते म्हणाले, "साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ही कधी आलीच तर त्या टोकाला उभी कर, तिथं तिच्या डोळ्यांवर ऊन येत नाही." मास्तर आमच्या ह्यांना साहेब म्हणत. मी कानांवरची झाकणे नीट बसवत राहिले.

समोर एकाच दोरीला शेजारी शेजारी दोन कागद लावलेले होते. मास्तर म्हणाले, "ताईंचा उजवा, तुमचा डावा." आधी वन्संनी पाच गोळ्या उडवल्या. प्रत्येक गोळीला त्या "अगं बाई!" म्हणून ओरडल्या व प्रत्येक वेळी मास्तरांनी त्यांचे कोपर वर उचलले. मग माझी पाळी आली. पिस्तूल दिसते त्यापेक्षा जड असते.

मास्तर म्हणाले, "नळीच्या टोकावरचा खुंट स्पष्ट दिसू दे, कागद धूसर झाला तरी चालेल." हे मला लगेच समजले. पुढचे स्पष्ट, मागचे धूसर, यावरच माझे पोट चालते. मग म्हणाले, "श्वास अर्धा सोडा, थांबा, चाप हळू दाबा. हिसका नको." अहो, कॅमेऱ्याचे बटण मी आणखी कसे दाबते? पहिल्या गोळीला मी "आई गं" म्हटले. दुसऱ्या गोळीच्या आधी सवयीने माझ्या तोंडून "हलू नका" असे निघाले. मास्तर म्हणाले, "कागद हलत नाही हो वहिनी." वन्सं इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. बाकीच्या गोळ्या मी शांतपणे उडवल्या. मला फार बरे वाटले. लिहून घेणारे साहेब म्हणाले, याचा तक्रारीशी संबंध नाही. मी म्हटले, असू दे, तरी लिहा.

त्यानंतर मास्तरांनी दोरी ओढून कागद जवळ आणले. माझा कागद कोराच होता. वन्संनी आपला कागद झटकन काढला, "लागल्या, लागल्या!" म्हणत घडी घालून पर्समध्ये टाकला. तेवढ्यात लॉन्ड्रीवाले ओरडत आत आले. मास्तरांनी माझ्या कोऱ्या कागदाकडे पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. ते म्हणाले, "मी यांच्या मनगटाकडे बघत होतो. गोळ्या वरून गेल्या असतील. चूक माझी." हा माणूस खोटे बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना ते खरेच वाटले. मलाही वाटले. घरी येऊन मी जेवले नाही.

काल संध्याकाळी वन्संनी तो कागद माझ्या फ्रिजवर लावला व चहा घेत स्वतःचे कौतुक सुरू केले. मी बघते तर कागदाला दहा भोके. मी म्हटले, "वन्सं, तुम्हाला गोळ्या पाच मिळाल्या होत्या." त्या म्हणाल्या, "एकेक गोळी दोनदा लागली असेल. तुला काय कळतं त्यातलं!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खुलासा असा की, मी तीस वर्षे गिऱ्हाइकाच्या समोर उभी राहून "जरा डावीकडे" म्हणते, ते त्याचे डावे असते, म्हणजे माझे उजवे. समोर तोंड करून कुणीही असले की मी डावे-उजवे त्याच्या बाजूने धरते. कागद माझ्याकडे तोंड करून होता. मी त्याचे डावे धरले व पाचही गोळ्या वन्संच्या कागदावर मारल्या. मास्तरांनी बरोबर सांगितले होते. त्यांची यात काहीही चूक नाही.

आज सकाळी मी लॉन्ड्रीवाल्यांच्या परवानगीने गच्चीवर जाऊन टाकीचे फोटो काढले, ते सोबत दिले आहेत. भोकाभोवती गंज असून खाली हिरवे शेवाळ धरलेले आहे. शेवाळ काही एका रविवारात उगवत नाही. साप साप म्हणून भुई धोपटली, एवढेच झाले. लॉन्ड्रीवाल्यांशी माझे वाकडे नाही. फोटो बघून ते स्वतःच म्हणाले, "टाकी वडिलांच्या वेळची आहे." आमच्या ह्यांचे शर्ट त्यांच्याकडेच जात असत.

कागद मी हजर केला आहे. साहेबांनी त्यावर चहाची बशी ठेवून पाहिली. मधली पाच भोके बशीखाली झाकली गेली. उरलेली पाच कडेकडेने आहेत व एक तर कोपऱ्यात छापलेल्या आकड्यातून गेले आहे. मधली भोके आपली आहेत असे वन्संचे म्हणणे आहे. कोपर कोणाचे उचलावे लागले होते, हे मास्तरांना विचारावे.

साहेबांनी माझ्यासमोर मास्तरांना फोन लावून सांगितले की, गोळ्या सापडल्या, कुलूप काढायला या. मास्तरांनी कुलुपाचे काही विचारले नाही. "पाची एका जागी बसल्या का?" एवढेच विचारले. बशीचे सांगितल्यावर ते म्हणाले, "हे बघायला साहेब हवे होते हो." ते कोणत्या साहेबांबद्दल बोलत होते, ते इथल्या साहेबांना समजले नाही. मला समजले.

तपास संपल्यावर कागद परत मिळावा अशी विनंती आहे. फ्रेम तयार ठेवली आहे, ह्यांच्या फोटोशेजारी खिळाही ठोकला आहे. वन्संची याला हरकत होती, पण खाली त्यांचेही नाव लिहायचे ठरल्यावर राहिली नाही.

वरील मजकूर मला व वन्संना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पाचही गोळ्या चुकल्या" असे लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावले. माझी एकही गोळी चुकलेली नाही, फक्त कागद चुकला. दुरुस्ती केल्यावर जबाब मी बोलले तसाच आहे, म्हणून खाली सही करते.