सुनंदाची चमकायची बाटली

सलाईन लावलेल्या बाईला मी आजारी समजले, यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. शेजारच्या सुनंदाच्या हाताला पट्टी दिसली, म्हणून विचारलं, "काय व्हयनं व माय?"

"काहीच नही, काकू. घरमा पोऱ्यानं लगीन शे ना. चेहरा चमकाले पाह्यजे म्हनीसन सलाईननी बाटली लाई लिधी."

चेहऱ्यासाठी सलाईन? मला काही उमगेना. पण सलाईन म्हटल्यावर गल्लीत सांगणं आलंच. संध्याकाळी सगळ्या बाया नारळ, बिस्किटं घेऊन तिला बघायला हजर. आजाऱ्याला म्हणतात तेच प्रत्येकीने म्हटलं, "चेहरा किती उतरना व तुन्हा!"

शेवटी होणारी विहीण धावत आली. "तुमले बरं नही, तर लगीन पुढे ढकलूत का?"

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्या चेहऱ्याकडे. चमकत तर होता, पण बाटलीने की घामाने, कोण सांगणार?