हौसरावांची चंची आभाळात

अठ्ठ्याहत्तर साल, चैत्र, पाडवा होऊन आठ दिस न्हाई झालं — आन् तुम्ही म्हणता, म्हस्कू, जुनं कशाला उकरतोस? उकरणार. बसा त्या बाजेवर. शिरूरची यष्टी संध्याकाळी बी हाय. त्र्याहत्तरच्या वैशाखात मी मेंढरं घेऊन भांडगावातनं तुमच्याकडं शिरूरला आलो. घोड नदीत नुसती वाळू. पाऊस पडंस्तवर तुम्ही माझी मेंढरं तुमच्या हिरीवर पाजली. मी कोकरू धाडलं — तुम्ही माघारी. घोंगडी धाडली — ती बी माघारी. वर हसून काय म्हणला? ‘लईच फेडायचं असंल तर माझी ही चंची आभाळातनं हिंडवून आण, म्हस्कू, फिटलं समज.’ हिरीवरची समदी हसली. मी न्हाई हसलो. मी हसत नसतो.

तर हे बारकं हेलिकॉप्टर — हात नगा लावू, पातं तुटंल! आमच्या चांगदेवाला कारखान्यानं जर्मनीला धाडलं हुतं, तिथनं आणलंय लेकानं. त्याच्या हातात पेटी हाय न्हवं, तिच्यावर चालतं — वायर न्हाई, दोरी न्हाई. परवा चालू केलं, तर थडथडाया लागलं, अंगात आल्यावानी! चांगदेव हा इस्क्रू पिळतोय, तो पिळतोय. ह्याच्या तेलात एरंडेल असतंय — खरंच, वास घ्या! मी म्हणलं, एरंडेल प्यालेला गडी थरथरंल न्हाई तर काय करंल? चांगदेव वैतागला. मग त्यानं पाती काढली, मधोमध दोऱ्याला टांगली, तराजूवानी — तर एक पातं खालीच. का? आमच्या हिनं नवी वस्तू म्हणून पूजा केलेली! तेलात भंडारा कालवून एकाच पात्याला चोपडलेला, जाडच्या जाड. चांगदेव म्हणतो, पुसू. ही म्हणती, खंडोबाचा भंडारा पुसतोस, मुडद्या? झालं, मायलेक बोलंनात. मग तिनंच दुसऱ्या पात्याला लावला — चिमटी-चिमटीनं, दोरा बघत, सारखं हुईस्तवर. हे बघा, दोन्ही पिवळी. नवरा-नवरी!

मग उडालं. सरळ वर — आन् शेपटाच्या बारक्या पंखीची जोडणी उलटी झालेली, डावीकडं म्हणलं की उजवीकडं — गरागरा फिरत गेलं ते हिच्या कुरडयांत. म्हणून तर आज तुमच्या ताटात कुरडयांचा चुरा — जाऊ द्या. आमची ही मागं, काठी घेऊन, मी पुढं, चांगदेव माझ्या पुढं. मी हसलो हो, हौसराव. खाली बसून हसलो, धोतर सुटंस्तवर. कुणाला सांगू नगा.

जोडणी काल सुधारली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई — तुम्ही येता का न्हाई म्हणून. गेल्या साली तुमची छाती दुखली असं कळलं, तवापासनं — तुम्ही तसंच गेला असता तर मी कुणाचं फेडायचं? सांगा की! — रडत न्हाई. कालचा एरंडेलाचा धूर हाय डोळ्यात.

द्या ती चंची. द्या हो! चुन्याची डबी काढा, जड हाय. अडकित्ता बी? काढा, काढा, त्याचं काय लगीन लावायचंय आभाळात? नाकाला न्हाई बांधायची, बरोबर मधी, न्हाईतर तोंड खाली घालतंय. हां. चांगदेव, चालू कर, चढव! — उठलं! हौसराव, डोळं झाकू नगा, वर बघा — बाभळीच्या वर — कावळं बघा कसं पळालं! अगं, बाहीर ये, सोड त्या कुरडया! — हिंडली, हौसराव, हिंडली तुमची चंची — अजून एक गिरकी घे, चांगदेव — अरं बेतानं, बेतानं — उतरव. हां.

घ्या. तंबाकू हाय तशी हाय.

फिटलं.