घरच्या गोऱ्ह्याचा खिमा

(नेब्रास्का. मार्चमधली दुपार. ओरिनचं स्वयंपाकघर. शेगडीवर बिडाचा तवा, ओट्यावर गोठवलेल्या खिम्याच्या टिक्क्या. शेजारी त्याची मुलगी जोलीन, कोट न काढता उभी.)

जोलीन : सुरी ठेवा खाली. बोट जाईल.

ओरिन : चिकटल्यात एकमेकींना.

जोलीन : गोठवताना मध्ये मेणकागद घालायचा असतो. ओट्याच्या कडेवर आपटा. हं, सुटल्या.

ओरिन : आता राहू देत बाहेर. वितळल्या की टाकतो.

जोलीन : बाहेर काही ठेवायचं नाही! मागच्या वेळी सकाळपासून सिंकमध्ये पडल्या होत्या. फ्रीझरमधून सरळ तव्यावर. आच मध्यम. आणि हात धुवा.

ओरिन : हे नीट केलं तर एडीला पाठवशील ना शनिवारी?

जोलीन : आधी करा.

ओरिन : तुझी आई असती तर एवढी कोर्टकचेरी झाली नसती.

जोलीन : आई असती तर तुम्ही तव्याजवळ आलाच नसता. दाबू नका उलथन्यानं! रस जातो सगळा.

ओरिन : जन्मभर गुरं पाळली मी. आता पोरगी मला मांस शिकवतेय. अगं, हे दुकानातलं नाही. आपल्याच गोऱ्ह्याचं आहे. ह्या हातांनी चारलंय त्याला. घरचं मांस बाधत नाही.

जोलीन : हेच तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. तुमची नात एडी नळ्या लावून समोर पडलेली. मूत्रपिंडं बंद पडत आली होती तिची, आणि तुम्ही गोऱ्ह्याचं कौतुक सांगत होतात.

ओरिन : तिची टिक्की आतून जराशी गुलाबी होती. एवढंच.

जोलीन : अख्ख्या तुकड्याला जंतू वरवर असतात, तव्यावर मरतात. खिमा केला की तेच आत जातात. मग गोऱ्हा घरचा असो नाहीतर कुणाचाही.

ओरिन : तुझी आई लॅवोन जन्मभर गुलाबीच वाढायची. कुणी आजारी पडलं नाही.

जोलीन : तुम्हाला वाढायची. आम्हा पोरांच्या आतपर्यंत शिजलेल्या असायच्या.

ओरिन : काहीतरीच.

जोलीन : एकाच टेबलावर जेवायचो, बाबा. कधी आमच्या ताटात बघितलं असतंत तर दिसलं असतं.

ओरिन : बोलली नाही कधी.

जोलीन : बोलली होती. तुम्ही म्हणालात, असले कडक बुटाचे तळवे पोरांना घाल, मला नकोत. उलटा आता, करपतेय.

ओरिन : उलटली. बघ, तपकिरी झाली. झालीच की.

जोलीन : रंग फसवतो. थर्मामीटर घ्या. वरून नाही, बाजूनं खुपसा. अगदी मधोमध.

ओरिन : एकशे अठ्ठेचाळीस फॅरनहाइट.

जोलीन : एकशे साठ झाल्याशिवाय उतरवायची नाही.

ओरिन : आईसारखीच आहेस. तोंडात आग, हातात उलथनं.

जोलीन : आईच्या तोंडात कुठली आग? गिळून टाकायची ती सगळं.

ओरिन : ...एकशे साठ. थांब, एकसष्ट.

जोलीन : दुसरीला लावा. हं, तीपण झाली. त्या ताटलीत नको! तिच्यात कच्च्या होत्या. ही घ्या.

ओरिन : घे, खाऊन बघ.

जोलीन : चांगली झालीय.

ओरिन : खरंच?

जोलीन : खरंच. रसदार आहे.

ओरिन : मग शनिवारी आणतेस ना? तिच्यासाठी लोणच्याच्या काकड्या आणून ठेवतो. पावाला लोणी लावून भाजतो, आवडतं तिला तसं.

जोलीन : बाबा.

ओरिन : आता काय राहिलं? तू म्हणालीस तसं सगळं केलं.

जोलीन : मी अडवत नाहीये. तिलाच विचारलं काल. नको म्हणाली.

ओरिन : माझ्या हातचं खायला नको?

जोलीन : इथं यायलाच नको म्हणाली.

ओरिन : आणि हे तू मला आता सांगतेस? मग कशाला उभी राहून शिकवलंस एवढं?

जोलीन : रोज तुम्हाला एकट्यालाच जेवायचंय म्हणून.