‘योग्य ती सोय’

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षपदी बसलेले आणि मला ‘थोडक्यात आटप’ असं आधीच डोळ्यांनी सांगितलेले बाजार संघाचे आदरणीय अध्यक्षकाका. व्यासपीठावर प्रथमच एका रांगेत, कोण मधे बसणार यावरून वाद न घालता बसलेले गुरुजी, मौलवीसाहेब, फादर आणि भंतेजी. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला आहे ती आमची घड्याळमॅडम. आणि समोर बसलेल्या बाजारातल्या माझ्या मावश्या, काका, आणि तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसलेली माझी आई. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मॅडम उद्या दुसऱ्या गावी निघाल्या. तिथेही वेगवेगळ्या धर्मांच्या गुरूंना गोळा करून नागरी कामाचं प्रशिक्षण देणार आहेत. त्या गावातल्या गुरूंना अजून काही कल्पना नाही, याचं मला आतापासून हसू येतंय.

आपल्याकडे हे प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा मी नुकती पदवीधर झाले होते. आमच्या घरातली पहिलीच. आईनं पदवीच्या कागदासाठी चेनचं कापडी पाकीट शिवलं आणि त्याला आतून अस्तरही लावलं. लगेच मला इथे ‘समन्वयक’ म्हणून काम मिळालं. समन्वयक म्हणजे खुर्च्या मांडणारी आणि चहा सांगणारी, हे मला पहिल्या दिवशी कळलं.

मॅडम म्हणाल्या, खुर्च्या गोलात मांड. मांडल्या. चौघे दारात उभे. बसेना कोणी. शेवटी फादरनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बेटा, यात पुढची रांग कुठली?”

मग मॅडमनी पर्समधून ते काढलं. आपण सर्व जाणताच. स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ. प्रत्येकाला तीन मिनिटं. विषय एकच : आपल्या वस्तीत काय कमी आहे? गुरुजींचं नमन संपलं आणि घड्याळ वाजलं. फादर तीन वेळा ‘शेवटचा मुद्दा’ म्हणाले आणि चौथ्यांदा म्हणताना वाजलं. मौलवीसाहेबांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. म्हणाले, “हे बिघडलंय.” भंतेजी तीन मिनिटं स्वस्थ बसून राहिले. ते वाजल्यावर हसले.

माणसं बोलायला शिकायला येतात, असं मला वाटायचं. मॅडमनी त्यांना आधी गप्प बसायला शिकवलं. यातली मेहनत मी पाहिली आहे. गुरुजी, रागावू नका.

दुसऱ्या महिन्यात चौघांना वह्या देऊन बाजारात पाठवलं. लोकांना अडचणी विचारा, सल्ला देऊ नका, एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी वह्या उघडल्या. चारही वह्यांत, पानोपानी, एकच उत्तर. ‘सगळं ठीक आहे, आशीर्वाद असू द्या.’ फादर खुश झाले. म्हणाले, “बाजार सुखी आहे.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. गुरुजींच्या वहीत माझ्या आईचं उत्तर होतं. तेच. सगळं ठीक. माझ्या तोंडून निघून गेलं, “ती खोटं बोलली.”

मॅडमनी ट्रे माझ्या हातून घेतला आणि मला गोलातल्या खुर्चीवर बसवलं. घड्याळ लावलं.

मी सांगितलं. माझी आई बाजारात शिलाई मशीन घेऊन बसते. चेन बदलणं, हेम मारणं, उसवलेलं शिवणं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. बाजारात पुरुषांसाठी सोय आहे, बायकांसाठी नाही. म्हणून ती सकाळी आठनंतर पाणीच पीत नाही. सगळ्याच मावश्या पीत नाहीत. तिला दोनदा मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. ती त्यांना म्हणाली, “पिणं सोपं आहे हो डॉक्टर. पुढचं सांगा.”

मग गुरुजी म्हणाले, “मला तर तिनं आजच गार पाणी दिलं. मी म्हटलं, तूही घे. तर म्हणाली, मला तहान नाही.”

चौघांनी त्याच दिवशी पालिकेला अर्ज लिहायला घेतला. इतकी एकी मी त्यांच्यात पूर्वी पाहिली नव्हती. फक्त एक अडचण होती. तो शब्द लिहायचा कोणी? चार धर्म, आणि चौघांच्या लेखणीला एकच संकोच. तासभर खल करून वाक्य तयार झालं : ‘बाजारातील माता-भगिनींची नैसर्गिक अडचण ध्यानी घेऊन योग्य ती सोय करावी.’ चौघांनी सह्या केल्या. मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, आणि जाऊ दिलं. मॅडम, तुम्हाला पुढचं दिसत होतं, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

दोन महिन्यांनी पालिकेनं योग्य ती सोय केली.

बाजारात थंड पाण्याचं यंत्र आलं.

हसताय, हसा. आम्ही त्या दिवशी हसलो नव्हतो. यंत्रावर पाटी होती, ‘माता-भगिनींच्या सोयीसाठी’. अधिकारी साहेब स्वतः आले आणि सर्वांत जुनी विक्रेती म्हणून पहिला पेला माझ्या आईच्या हातात दिला. एवढ्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार? ती तो पूर्ण प्याली. साहेबांनी आग्रहानं दुसरा दिला. दुपारी बारा वाजता आईनं मशीनवर कापड टाकलं आणि पंचवीस मिनिटं चालत घरी आली. दार उघडता उघडता मला म्हणाली, “बाई माझे, तुझ्या त्या चौघांना सांग, फार उपकार झाले.”

सोमवारी मॅडमनी फळ्यावर तो शब्द लिहिला. मोठ्या अक्षरांत. आणि म्हणाल्या, “जो शब्द तुमच्या तोंडात नाही, तो त्यांच्या कागदावर कसा येईल? एकेकानं म्हणायचा. खिडक्या उघड्या ठेवून.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आणि भंतेजी, जे इतक्या महिन्यांत गोलात एक अक्षर बोलले नव्हते, ते शांतपणे म्हणाले, “संडास.” घड्याळात दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद शिल्लक होते.

मग मौलवीसाहेब म्हणाले, “बायकांसाठी संडास. आतून कडी. पाणी. दिवा. आणि डबा ठेवायला फळी.” आम्ही बघतच राहिलो. म्हणाले, “घरात पाच बहिणी होत्या, बेटी. मला सगळं माहीत आहे. कोणी विचारलंच नव्हतं.” फादरनी आधी पुटपुटून, मग मोठ्यानं म्हटलं. गुरुजी दोनदा ‘सं’पर्यंत जाऊन परत आले. शेवटी भिंतीकडे तोंड करून असे म्हणाले, की वरच्या मजल्यावरचा टायपिंगचा वर्ग थांबला.

त्यानंतर ज्यानं त्यानं आपापल्या ठिकाणी, आपापल्या माणसांसमोर तो शब्द उच्चारला. आणि काय सांगू, बायका बोलायला लागल्या. वह्या पुरेनात. ‘सगळं ठीक आहे’ हे उत्तर त्यानंतर एकदाही आलं नाही.

पालिकेत सुनावणी लागली. आईलाही सोबत नेलं होतं. साहेब म्हणाले, “तुम्ही धर्माची माणसं. या विषयात कशाला पडता?” मौलवीसाहेब म्हणाले, “साहेब, लोक आमच्याकडे सवडीनं येतात. तिकडे सवड बघून चालत नाही.”

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं होती. आणि इथे जे झालं, ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. गुरुजी उठले, म्हणाले, माझी तीन मिनिटं या बाईंना द्या. फादर म्हणाले, माझीही. मौलवीसाहेब म्हणाले, माझीही. भंतेजींनी नुसता हात केला. ज्यांना घड्याळ पुरत नव्हतं, त्यांनी बारा मिनिटं माझ्या आईच्या ओटीत टाकली.

आईनं अर्धं मिनिटही घेतलं नाही. तिनं विचारलं, “साहेब, सकाळपासून तुम्ही या खुर्चीतून किती वेळा उठून जाऊन आलात?”

साहेबांचे ओठ हलले. ते मोजत होते. मग त्यांनी पेन उचललं.

गेल्या महिन्यात संडास बांधून झाला. आतून कडी आहे. फळीसुद्धा आहे. बाहेर पाटीवर स्पष्ट शब्द आहे, आणि ती पाटी गुरुजींनी स्वतः रंगवली आहे. ते थंड पाण्याचं यंत्र आता दिवसातून दोनदा रिकामं होतं.

मॅडम, आईनं तुमच्यासाठी प्रवासाची पिशवी शिवली आहे. बाहेरच्या बाजूला एक छोटा खिसा आहे. त्यात फक्त घड्याळ मावतं, दुसरं काही ठेवू नका.

आणि हे पहा, बोलता बोलता आई उठली. तिच्या हातातली बाटली मी मघापासून बघतेय, आल्यापासून ती दुसऱ्यांदा रिकामी झालीय. मावशी, तिला वाट द्या. पूर्वी ती अशा समारंभाला सकाळपासून कोरडी यायची आणि शेवटपर्यंत जागची हलायची नाही. आज माझ्या भाषणाच्या मध्यातून ती उठून गेली, यापेक्षा मोठा मान मला अजून मिळायचा आहे.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात थोरांची थट्टा झाली असेल, मानाचा क्रम चुकला असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला. लहान समजून पोटात घाला. एका शब्दाबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही.

आणि एक विनंती. टाळ्या आई परत आल्यावर वाजवा. आत्ता वाजवल्यात, तर ती अर्ध्यातून धावत येईल.