पिवळे दिवे

(तंजावूर, १९९४. दारात मारुती उभी, बॉनेट उघडं. कामाक्षी आणि तिचा धाकटा भाऊ रघुराम. आई अंबा नंतर बाहेर येते.)

कामाक्षी : वास घे. घे म्हणते ना! जळलेल्या वायरीचा आहे.

रघुराम : अय्यो, अक्का, मार्गळीत, ऐन थंडीत, तिरुवैयारूच्या रस्त्याला धुकं किती असतं! म्हणून लावले हे पिवळे फॉग लाइट. माझ्या मित्राच्या, शेषगिरीच्या गाडीला आहेत तसेच.

कामाक्षी : रिले कुठे आहे? दिव्यांना बॅटरीतून वेगळा करंट देणारा?

रघुराम : रिले कशाला? हेडलाइटच्या वायरीतूनच करंट घेतला.

कामाक्षी : तेवढ्या बारीक वायरीवर चार दिवे! फ्यूज उडला नाही?

रघुराम : उडला.

कामाक्षी : मग त्याला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीस. ही बघ, चिकटून बसलीय. शी!

रघुराम : सगळेच करतात. तू कॉलेजात फिजिक्स शिकव, मला नको.

कामाक्षी : सगळे आईला मागे बसवून करतात? पुढच्या डॅशबोर्डाखाली वायर पेटली, दिवे गेले, गाडी भाताच्या शेतात. तू उडी मारलीस. आईचं दार कुणी उघडलं?

रघुराम : रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं. मी बॅटरीची वायर काढत होतो.

कामाक्षी : खोटं! तोच मला म्हणाला. म्हातारी आत खोकत होती आणि हा वाकून बघत होता, दिव्यांच्या काचा फुटल्या का म्हणून.

रघुराम : हळू बोल की!

कामाक्षी : आणि वरुणमामांना काय सांगितलंस? गाडी त्यांची.

रघुराम : काहीतरी सांगायला हवं होतं. आईचा पाय वायरीत अडकला म्हटलं. आईवर ते रागावणार आहेत थोडेच?

कामाक्षी : किळस येते रे तुझी.

अंबा : कामू, त्याला ओरडू नको. चूक माझीच. पाय कुठे लागला, कळलंसुद्धा नाही मला. वरुणची क्षमा मागितली मी फोनवर.

कामाक्षी : सांग, रघू.

रघुराम : काय सांगू? झालं ते झालं.

कामाक्षी : आई, इकडे ये. पुढच्या दारातून वाकून बघ, डॅशबोर्डाखाली. वायर जळली ती ही.

अंबा : ही? ही तर पार पुढे आहे.

कामाक्षी : हो.

अंबा : मी मागे बसले होते... रघू, मग क्षमा कशाची मागितली रे मी?